दुर्गव्वाच्या पिशवीतली औषधं

हुबळीपासून तासाभरावरच्या सरकारी दवाखान्यात सुकन्या क्षयाच्या वॉर्डाची नर्स होती. थंडी पडली की रोगी खिडक्या लावून घेत आणि हवा खेळती राहावी म्हणून ती दिवसातून दहादा उघडायला लावी. जाड मास्क महिन्याला मोजकेच येत, म्हणून तिनं ते कपाटात कुलूप लावून ठेवले होते.

त्या सकाळी थुंकीचे डबे उचलता उचलता ठेक्यावरची सफाईवाली दुर्गव्वा वॉर्डातच कोसळली. तिला बाकावर निजवून सुकन्यानं घरच्यांचा फोन नंबर मिळतो का म्हणून तिची पिशवी उघडली. आत गोळ्यांची पाकिटं होती. याच गोळ्या सुकन्या रोज आपल्या हातानं रोग्यांना देत असे.

दुर्गव्वा शुद्धीवर आली.

"ही कुणाची औषधं?"

"माझीच, अक्का. दसऱ्यापासून बाहेरून विकत घेतेय. मध्येमध्ये चुकल्या."

"अगं, इथं फुकट मिळतात! मला का नाही सांगितलंस?"

"इथं रोग्यांच्या यादीत नाव लागलं असतं. ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई आणली असती." तिनं तोंडावर पदर धरला आणि खोकली. "मास्क मागितला होता मी. तुम्ही म्हणालात, पर्मनंटवाल्यांनाच पुरत नाहीत, तू पदर बांध."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुकन्याला ते शब्द आठवलेच नाहीत. पण ते आपलेच, हे तिला कळलं.

ती तशीच उठून डॉक्टर श्रीकांतांकडे गेली.

"सर, दुर्गव्वाला क्षय झालाय. तो याच वॉर्डात लागला असणार. मास्क मी दिला नव्हता. तसं लिहा."

डॉक्टरांचं पेन हातातच राहिलं. "चौकशी लागेल. तुझीही."

"लागू दे."

आठवडाभरात सगळ्या स्टाफचे एक्स-रे झाले. लॅबमधल्या प्रसादच्या छातीतही डाग निघाला. सुकन्याला मेमो मिळाला. मास्क मात्र त्यानंतर ठेक्यावरच्यांनाही मिळू लागले, आणि डॉक्टरांनी ठेकेदाराला बोलावून दुर्गव्वाची जागा राखून ठेवायला लावली.

सहा महिन्यांनी दुर्गव्वा बरी होऊन कामावर आली. "अक्का, चहा घेतला का?" असं ती पहिल्यासारखंच विचारते. सुकन्याला मात्र तिच्या नजरेला नजर देववत नाही.