पांढरा देव आणि पेजवाला

बोरीच्या प्रभावतीबाईंना चिनी मालिकांचं वेड लागलं ते गुडघ्याच्या दुखण्यात. डॉक्टरांनी पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं आणि मोबाइल हातात आला. हिंदीत बोलणारे चिनी लोक, ढगांवरचे महाल, घोळदार झगे आणि आभाळात उडतानाही न विस्कटणारे केस बघता बघता बाई दुखणं विसरल्या. पाय बरा झाला, पण मोबाइल काही सुटला नाही.

कुठल्याशा चार पुस्तकांच्या कादंबरीमालेवरून या मालिका काढल्या होत्या. पहिल्या पुस्तकावरची 'सारसांचा डोंगर', दुसऱ्यावरची 'नऊ ढगांपल्याड'. दोन्हींत तेच सारस पक्ष्यांचं देवकुळ, तेच शाप, त्याच तलवारी. बाईंनी दोन्ही पाहिल्या आणि निकाल दिला की पहिलीची सर दुसरीला नाही. दुसरीतला देव सारखा हसायचा; पहिलीतला पांढऱ्या झग्यातला, कधी हसायचा नाही. शापामुळं तो बायकोला विसरला होता, तरी कोणाची वाट बघतोय हे ठाऊक नसताना शंभर वर्षं बर्फात उभा राहिला. त्या भागाला बाई अशा रडल्या की त्यांचे यजमान काशीनाथराव गुडघ्याची गोळी घेऊन धावत आले. चिनी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून बाई त्या देवाला नुसतं 'पांढरा' म्हणत.

त्यांचा मुलगा शंतनु जिंतूरला शाळामास्तर होता. त्याच्यासाठी पूर्णेचं स्थळ आलं. मुलगी बघायला निघाले तेव्हा परभणी स्टेशनावर काशीनाथरावांनी बायकोला बाजूला घेतलं.

"हे बग, तिथं कापसाचं बोल, सोयाबीनचं बोल, देवाधर्माचं बोल."

"देवाचंच तर बोलत असते की मी!"

"आपल्या देवाचं! त्या झगेवाल्याचं नाव जरी काढलंस, तर मी तिथूनच उठून गाडीत बसतो."

बाईंनी शपथ घेतली. खरोखर मनापासून घेतली.

मुलीचे वडील तात्याराव रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. कमी बोलणारा, सरळ माणूस. आई मनिषाबाई गोऱ्यापान, हसऱ्या. मुलगी अबोली परभणीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला. उन्हाचं बोलून झालं, कापसाचं झालं, गाड्या उशिरा येतात हेही झालं. मग पोरांना बोलायला गच्चीवर पाठवलं आणि बायका आतल्या खोलीत गेल्या. तेवढ्यात मनिषाबाईंचा फोन वाजला. बासरीचा सूर आला आणि त्यामागं एका पुरुषाचा लांब, दुःखी उसासा.

प्रभावतीबाईंच्या अंगावर काटा आला. तो उसासा त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"'नऊ ढगांपल्याड'?" त्यांनी हळूच विचारलं.

मनिषाबाईंनी फोन न उचलताच बंद केला. "आगं बाई! तुमी बी बघता?"

दोघी एकमेकींच्या गळ्यातच पडल्या. शपथ कधीच मोडली होती. विहीण मिळाली तर अशी, असं प्रभावतीबाईंच्या मनात आलं, आणि त्याच आनंदात त्या म्हणाल्या, "पर पैल्याची सर दुसऱ्याला न्हाई, नव्हं?"

मनिषाबाईंचे हात सैल झाले.

"असं कसं म्हनता? पैल्यानं नुसतं रडवलं मला. दुसरा आला तवा कळलं की प्रेम म्हंजे काय असतंय!"

"दुसरा? आवो, सारखा दात काढतोय त्यो!"

"हसू दे की! बायकोला सोताच्या हातानं पेज करून घालतोय. तुमच्या त्या पांढऱ्या झगेवाल्यानं कधी चुलीकडं बगितलं का? बर्फात उभं राहून काय पोट भरतंय का बायकोचं?"

"देवानं पेज करायची? मग आचारी कशाला ठिवलेत म्हालात?"

"असू दे. दुसऱ्यातच जीव गुंतलाय माझा, काय करू?"

दारात काहीतरी खणकन पडलं. प्रभावतीबाईंनी मान वळवली. तात्याराव उंबऱ्यात उभे होते. हातातला पाण्याचा तांब्या खाली घरंगळत होता आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मनिषा," ते कसेबसे म्हणाले, "कोन दुसरा?"

"पेजवाला," मनिषाबाई तोऱ्यात म्हणाल्या.

तात्याराव मटकन खाली बसले. "पेज तर मी बी केली असती," ते पुटपुटले. "तू कधी बोललीच न्हाईस."

मागून काशीनाथराव आले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग बायकोकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "तात्याराव, उठा. त्यो चिनी हाय. मोबाइलात ऱ्हातोय. आमच्या घरी पैला हाय, तुमच्याकडं दुसरा. येवढाच फरक."

तात्यारावांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी बायकोकडे असं काही पाहिलं की प्रभावतीबाईंनाच भरून आलं. पण वाद काही मिटला नव्हता. मनिषाबाई कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "बगा, ज्या घरात पेजेची कदर न्हाई, तिथं माझी पोर कशी नांदायची?"

"अन् जिच्या आईला वाट बगायची किंमत न्हाई..." प्रभावतीबाईंनी सुरुवात केली.

"थांबा दोघी," दारातून अबोलीचा आवाज आला. गडबड ऐकून ती आणि शंतनु खाली आले होते. "मी चारही पुस्तकं वाचली आहेत. इंग्रजीतनं."

प्रभावतीबाईंनी तिच्याकडं नव्यानं पाहिलं. या पोरीला पुढचं माहीत होतं!

"मग शेवटी पांढऱ्याचं काय होतंय?" त्यांनी श्वास रोखून विचारलं.

"झाड."

"काय?"

"देवदाराचं झाड होतं त्याचं. कायमचं. बायको सावलीत बसते थोडा वेळ, मग निघून जाते."

प्रभावतीबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मनिषाबाई विजयानं हसायला लागल्या, पण अबोलीचं संपलं नव्हतं. "आणि आई, तुझा पेजवाला चौथ्या पुस्तकात कासवांच्या राजकन्येशी लग्न करतो."

"पन त्याचं लगीन झालंय की!"

"तरीही करतो."

"सवत आनली? अन् ती बी कासव?" मनिषाबाईंचा आवाज चिरकला.

प्रभावतीबाई झाडाचं दुःख विसरून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी मनिषाबाईंचा हात हातात घेतला. "रडू नका ताई. पुस्तकाचं काय खरं? कुनी बी काय बी लिहितंय."

"मालिकावाले शाने असतील तर बदलतील," मनिषाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"बदलायलाच पायजे. आपन हाव ना मागं लागायला."

दोघी त्या न पाहिलेल्या लेखिकेला मनसोक्त शिव्या देत राहिल्या. दुसरा चहा झाला. शेवटी तात्यारावांनी घसा खाकरून विचारलं, "बरं, पोरांचं काय ठरलं?"

शंतनु लाजला. "आमचं जमलंय. कासवाचं मला गच्चीवरच सांगितलं तिनं. मी हसलो तर तीही हसली. मग कळलं, जमेल आपलं."

प्रभावतीबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, इतकी वाईट बातमी इतक्या सरळ तोंडानं सांगणारी पोरगी संसारात डगमगायची नाही.

लग्न दिवाळीनंतर पूर्णेलाच निघालं. हळदीच्या दिवशीच तिसरी मालिका सुरू झाली. पाहुण्यांच्या गर्दीत दोघी विहिणी दिसेनात, म्हणून तात्याराव आणि काशीनाथराव आहेराच्या पिशव्या सांभाळत शोधायला निघाले. त्या मागच्या ओसरीवर सापडल्या. एकीच्या डाव्या कानात इअरफोन, दुसरीच्या उजव्या, आणि मोबाइलवर हळदीचे पिवळे ठसे.

पडद्यावर हिरव्या झग्यातला नवा देव तलवार उगारून भलंमोठं भाषण करत होता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"लय बोलतोय," मनिषाबाई म्हणाल्या.

"न्हाई जमनार ह्याचं," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि पुढचा भाग लावला.