माशीचे डाग

"हे कोनाची माय हाये?"

कापडात गुंडाळून आणलेली तसबीर काउंटरवर उभी करून रंभाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या कुणाची तरी आई चुकून आपल्या घरी आली आहे आणि ती जिथल्या तिथे पोचवायला हवी, अशा काळजीनं त्या विचारत होत्या.

मी आत पडद्यामागे दुसऱ्याच एका मेलेल्या माणसाचे गाल गुलाबी करत बसलो होतो. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची माझी वाईट खोड आहे. तो तसाच ओठांत राहिला. त्या गुलाबीची चव तुरट असते. वीस-बावीस वर्षं ती माझ्या जिभेवर आहे, भाजी-भाकरीलासुद्धा कधी कधी तीच लागते.

माझं नाव परसराम. भंडाऱ्यात ताराचंदशेठच्या फोटो स्टुडिओत मी फोटो रंगवतो. लोक घरातला काळा-पांढरा फोटो घेऊन येतात, शेठ त्याची मोठी प्रत काढतो, आणि मी तिच्यावर असे रंग चढवतो की फोटो वाटू नये, चित्रकारानं समोर बसवून काढलेलं चित्र वाटावं. बाहेर पाटीवर तसं लिहिलंच आहे. आता त्र्याऐंशी साल उजाडलं, नागपुरात रंगीत फिल्म आली. पण मेलेले लोक तर काळ्या-पांढऱ्या काळातच मेले, म्हणून माझं काम अजून चालू आहे.

या कामाचा मला वीट आला आहे. आला आहे म्हणजे काय, शिसारी बसली आहे. लाखांदूरकडचा एखादा म्हातारा, साठ वर्षं धानाच्या बांधीत पाय सडवलेला, उन्हानं करपलेला, त्याची पोरं फोटो आणतात आणि म्हणतात, "जरा गोरे करजा बाबाले." मी करतो. सुरकुत्या काढतो, दात भरतो, डोक्यावरचं मुंडासं काढून भांग पाडतो, अंगात कोट घालतो. मेल्यावर घाईघाईनं काढलेल्या फोटोत डोळे मिटलेले असतात, त्यांच्या जागी उघडे डोळे काढतो. त्यासाठी शेठनं एका देखण्या तहसीलदाराचे डोळे नमुना म्हणून ठेवले आहेत. साकोलीपासून पवनीपर्यंत किती घरांत, किती भिंतींवरून तो एकच तहसीलदार हार घालून बघत बसला आहे, ते माझं मला माहीत.

आणि ही विद्या मी शिकलो ती माझ्या आईवर. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. एकोणिसाव्या वर्षी शेठकडे लागलो आणि पहिलं काम म्हणून आईचा फोटो रंगवला. इतका जीव लावून की शेठ खूश झाला आणि त्यानं तो नमुना म्हणून तीन वर्षं दुकानाच्या काचेत ठेवला. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, "अशी करून द्या." या दुकानाचा जो गुलाबी ठरला, तो माझ्या आईच्या गालांचा. पुढे काचेत नवा नमुना आला आणि मी आईला घरी नेलं. तेव्हापासून ती बाबांच्या हातमागासमोरच्या भिंतीला आहे.

तर, रंभाबाई. राहणार कारध्याच्या. त्यांच्या आईचं, सत्यभामाबाईंचं, काम महिन्यापूर्वी आलं होतं. आणलं होतं रंभाबाईंच्या भावानं, भैय्यालालनं. साकोलीला हमरस्त्यावर त्याचं कापडाचं दुकान आहे. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेन. त्यानं पाकिटातून तळहाताएवढा फोटो काढला. मंडईच्या जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं कधीकाळी काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पुढे लाकडी खुर्चीत अवघडून बसलेली बाई, अंगावर नऊवारी लुगडं, गळ्यात काळ्या मण्यांची गरसोळी. जन्मात काढलेला एवढा एकच फोटो.

"वर्षश्राद्ध हाये," भैय्यालाल म्हणाला. "दोन करा. एक मले, एक बहिनीले. अन् हे लुगडं काढून शालू दाखवा. नथ घाला. गोरी करा. दुकानात लावाचा हाये, दहा लोक येतेत. देहाती नाही दिसली पायजे."

"तुमची आई ना?" मी विचारलं. उगीच विचारलं.

"हो न. म्हनूनच सांगून राहिलो."

ज्या बाईनं धान रोवून रोवून याला शिकवलं, दुकान टाकून दिलं, ती त्याला दुकानात जशी होती तशी नको होती. मला त्याची किळस आली. पण किळस आली म्हणून मी ब्रश खाली ठेवला असं नाही. आजवर कधीच ठेवलेला नाही.

शेठची एक वाईट पद्धत आहे. प्रत काढायच्या आधी मूळ फोटोच साफ करायला लावतो, म्हणजे पुढचं काम कमी होतं. गावाकडचे फोटो उघड्या भिंतीवर लटकलेले असतात, धूर बसतो, माश्या बसतात, माश्यांच्या घाणीचे बारीक काळे ठिपके पडतात. ते मी ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडतो, पांढरं पडलं की त्यावर पेन्सिल फिरवतो. दिवसाला चार-पाच फोटो. हात आपोआप चालतो, डोळे नंतर येतात. सत्यभामाबाईंच्या फोटोवर पडद्याजवळ दोन ठिपके होते, खुर्चीच्या हातावर एक होता आणि हनुवटीवर तीन. सहाही काढले. मग शालू, नथ, गुलाबी.

भैय्यालाल दोन्ही तसबिरी घेऊन गेला, फार खूश होऊन. शेठनं मूळ फोटो पुढे केला तर म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच. आता तो कायले पायजे?"

त्या दोनांतलीच एक आता रंभाबाईंनी काउंटरवर उभी केली होती.

"बाई, असं काय करता?" शेठ बाहेर म्हणत होता. "इतकं बढिया काम सगळ्या भंडाऱ्यात कोनी करून देते का? भाऊ तुमचा केवढा खूश होऊन गेला."

"भाऊ खूश असन," रंभाबाई म्हणाल्या. "मले एवढंच सांगा, मायचं गोंदन कोठी गेलं?"

माझ्या ओठांतला ब्रश मी हातात घेतला.

"कोनतं गोंदन?"

"हनुवटीवरचं. तीन ठिपके होते. शालू घालून देल्ला, नथ घातली, मी काही म्हनत नाही. घालनाऱ्याची हौस. पन जे तिच्या आंगावर होतं ते काहून काढलं? आमचा तो लहान फोटो द्या बरं, त्याच्यात हाये."

शेठनं लिफाफ्यांचा गठ्ठा चाळून फोटो काढला. रंभाबाईंनी तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग दुकानाच्या पायरीवर जाऊन उन्हात धरला. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. पळून जावंसं वाटत होतं, पण मागच्या बाजूला दार नाही. त्या बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि फोटो काउंटरवर ठेवला, हनुवटीवर बोट ठेवून.

"इथूनबी गेलं."

"डाग होते ते, बाई," शेठ म्हणाला. "माशीचे. आमच्या मानसानं साफ केले. उलट फोटो चांगला झाला."

मी पडदा सारून बाहेर आलो. धीटपणा म्हणून नव्हे. शेठच्या तोंडून 'माशीचे' हा शब्द ऐकवला नाही, म्हणून.

"मीच काढले, बाई. मले वाटलं, माशी बसली असन."

रंभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांच्या स्वतःच्या हनुवटीवर हिरवट असे तीन ठिपके स्पष्ट दिसत होते.

"माशी?" त्या म्हणाल्या. "कोन्या गावचे तुमी?"

"इथलाच. भंडाऱ्याचा."

"मंग?"

अर्ध्या जिल्ह्यातल्या बायांच्या तोंडावर गोंदण आहे. रोज बाजारात, नळावर, एसटीत मी ते बघतो. परक्या मुलखातला माणूस चुकला असता तर एक वेळ गोष्ट वेगळी. मी इथे जन्मलो, इथेच वाढलो, आणि एका बाईच्या जन्माची खूण मला माशीची घाण वाटली. भैय्यालालची किळस आली होती तशीच पुन्हा आली, पण ही माझी मलाच.

"मी लहान होती," रंभाबाई तसबिरीकडे बघत म्हणाल्या, "तवा मायच्या मांडीवर बसून ते बोटानं मोजत होती. एक, दोन, तीन. मोजनं मी थितंच शिकली. मधला जरासा खाली होता. गोंदताना माय हलली म्हने, तं गोंदनारीचा हात चुकला. मी माहे करून घेतले तवा मुद्दाम सांगतलं, माहाबी मधला खालीच टाक." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वर गेल्यावर बाईले गोंदन दाखवा लागते म्हनतेत. ते मायनं दाखवलं असन, त्याची मले फिकर नाही. पन इथं तिले कोन ओळखन आता?"

शेठला हे लांबत चाललेलं नको होतं. "परसराम," तो म्हणाला, "दे न बाप्पा टाकून तीन ठिपके. दोन मिनिटांचं काम."

मी तसबिरीचे खिळे उपसून काच काढली, आत जाऊन हिरवा आणि काळा एकत्र कालवला, बारीक ब्रश आणला. रंभाबाईंनी माझा हात धरला नाही, फक्त तसबीर आपल्याकडे ओढून घेतली.

"तुमी नोका टाकू."

काउंटरवर शेठची काडेपेटी होती. त्यातली एक काडी त्यांनी घेतली, गुलाच्या उलट्या टोकानं रंग उचलला, डाव्या हाताचं बोट स्वतःच्या हनुवटीवर ठेवलं. चाचपून एक जागा बघितली आणि चित्रावर एक ठिपका दिला. मग दुसरा. मधला शेवटी, थोडा खाली. काडीचं टोक जाड, त्यामुळे ठिपके मोठे आले, एक जरा पसरलाही. माझ्या गुळगुळीत गुलाबीवर ते भलतेच बटबटीत दिसत होते. शालूतली, नथीतली ती गोरी बाई होती तशीच परकी राहिली. तेवढी हनुवटी मात्र सत्यभामाबाईंची झाली. मी बावीस वर्षांत रंगवलेल्या चेहऱ्यांत खरी म्हणावी अशी एवढी दोन बोटं जागा, आणि तीही माझ्या हातची नव्हे.

"वाळू द्या जरा," मी म्हणालो.

त्या बाकावर बसल्या. मीही काउंटरला टेकून उभा राहिलो. आत जाऊन पुन्हा ब्रश धरणं मला शक्य नव्हतं. काही वेळानं त्यांनीच विचारलं, रागानं नव्हे, वेळ जावा म्हणून विचारतात तसं, "तुमची माय हाये?"

"नाही. मी नऊ वर्षांचा होतो तवाच गेली."

"तिले किती होते?"

मी तोंड उघडलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. आला, लगेच आला. गोरा, गुळगुळीत, गुलाबी. हनुवटी कोरी होती. पण ती हनुवटी मी केलेली होती.

रंभाबाईंनी तसबीर कापडात गुंडाळली, खरवडलेला फोटोही मागून घेतला, कनवटीला लावला आणि कारध्याला जायला निघाल्या. जाताना मला एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी शेठला न सांगता घरी आलो. दुपार होती. बाबा मागावर बसले होते. कृष्णराव म्हटलं की आमच्या आळीत अजून त्यांच्या काठाच्या लुगड्यांची आठवण काढतात, पण आता डोळे मंद झाले आहेत, जाडंभरडंच विणतात. समोर भिंतीवर आई होती. मी खुर्ची ओढली, वर चढलो, अगदी नाकाजवळ जाऊन बघितलं. रंग इतका दाट बसला होता की खाली काय होतं याचा पत्ता लागेना. मूळ फोटो कुठे गेला तेही आठवेना. आठवलं ते फक्त ब्लेड, एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातातलं, नवंकोरं.

"का पाहून राहिला गा?" बाबांनी माग थांबवून विचारलं.

"बाबा, मायच्या हनुवटीवर गोंदन होतं का?"

बाबांनी हातातला सुताचा धोटा मांडीवर ठेवला.

"होतं."

"मंग मी फोटो रंगवून आनला तवा काहून नाही सांगतलं?"

"तू किती हौसेनं आनला होता," बाबा म्हणाले. "पोराचं पयलं काम. सगळ्या आळीले दाखवत फिरला. म्हटलं, जाऊ दे. आपल्याले तं मालूम हाये न."

मी खुर्चीवरून उतरलो. त्यांच्याजवळ खाली बसलो.

"किती होते, बाबा? कसे होते?"

त्यांनी बोट उचलून स्वतःच्या हनुवटीवर ठेवलं. एका जागी टेकवलं, तिथून जरा बाजूला नेलं, पुन्हा परत आणलं. बोट दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर फिरत राहिलं. मग ते भिंतीकडे बघू लागले आणि बोट थांबलं.

"एकोनीस वर्षं झाली, परसा," ते म्हणाले. "मान वर केली का हेच दिसते. मलेबी आता हेच दिसते."

त्यांनी धोटा हातात घेतला, पण माग काही सुरू केला नाही.