साक्षीदाराच्या मागची रांग

विनोदिनी परब मंडळाची प्रमुख झाली, त्या दिवशी तिला पहिला हार जयराम गावकरने घातला. घरी येऊन त्याने बायकोला, ज्योतीला, सांगितलं की डोकं दुखतंय, आणि तो न जेवताच झोपला.

गोव्यात डिचोलीच्या बाजूला खाणी बंद पडल्यावर त्यांच्या खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली होती. ते पाणी उपसून खालच्या गावांतल्या शेतांना द्यावं, म्हणून सरकारने खाणपाणी मंडळ काढलं. जयराम तिथे पहिल्या दिवसापासून होता. त्याआधी तो खाणीवरच इंजिनियर होता. कुठल्या खड्ड्यात किती खोलीवर गाळ लागतो, कुठला बांध पावसात पाझरतो, हे तो कागद न बघता सांगायचा. विनोदिनी पेडण्याची. ती नवी लागली तेव्हा पंपाचं तोंड कुठलं तेही तिला ठाऊक नव्हतं. जयरामने तिला हाताशी धरून शिकवलं, आणि तिच्या हुशारीचं चार लोकांत कौतुकही केलं. ती आपल्या हाताखाली आहे तोवर तिचं कौतुक करणं त्याला सोपं होतं.

मग प्रमुखाच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. जयराम पंचावन्नचा, ती अडतीसची. जागा तिला मिळाली. त्यानंतर जयरामला तिचं सगळंच डाचू लागलं. ती शेतकऱ्यांशी बोलताना खुर्ची पुढे ओढून बसायची, तेही, आणि सगळ्यांसमोर त्याला 'जयरामबाब' म्हणून मान द्यायची, तेही. मान देणारा आधी वरच्या पायरीवर असावा लागतो, असं त्याला वाटे.

जानेवारीत सगळ्यांत मोठ्या खड्ड्यावरचा पंप जळाला. दुसरा पंप नव्हता. एकोणीस दिवस शेतांना पाणी गेलं नाही, आणि तीन वाड्यांवरचं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, उभं करपलं. लोक चालत कार्यालयावर आले. पुढे धाकू नावाचा म्हातारा शेतकरी होता. जयराम पायऱ्यांवर उभा राहून समजूत घालू लागला, तेव्हा धाकूने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"तू रे कोण? बाय खंय आसा? तिका बोलाव."

विनोदिनी बाहेर आली आणि तासभर उन्हात उभी राहून शिव्या ऐकत राहिली. जयराम बाजूला झाला. त्याला कोणी शिवीही दिली नाही.

विधानसभेत प्रश्न निघाला. सरकारी मंडळांचा कारभार तपासणाऱ्या आमदारांच्या समितीने ठरवलं की खाणपाणी मंडळाच्या प्रमुखांना पर्वरीला विधानसभेत बोलावून जाब विचारायचा. त्याआधी मंडळाने सगळ्या कागदपत्रांसह अहवाल पाठवायचा होता. विनोदिनीने ते काम जयरामकडे दिलं. म्हणाली की तुमच्याशिवाय हे कोणाला जमायचं नाही. जयरामला ते खरं वाटलं आणि झोंबलंही. जमणार त्याला होतं, आणि समितीपुढे बसणार ती होती.

फाईल लावताना त्याच्या हाताला तीन पत्रं लागली. सप्टेंबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये विनोदिनीने सरकारला लिहिलं होतं की या खड्ड्यावर दुसरा पंप ठेवला नाही तर ऐन हंगामात पाणी बंद पडेल. तिने वेळेवर इशारा दिला होता याचा मंडळाकडे तेवढाच पुरावा होता. जयरामने ती पत्रं फाईलमधून काढली आणि आपल्या कपाटात ठेवली. मी काही खोटं लिहिलेलं नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी दोन बैठकांच्या मध्ये विनोदिनीने उभ्या उभ्या अहवालावर सही केली. तिने पान उलटलं नाही. जयराम तिच्या हाताकडे बघत होता.

समितीच्या खोलीत घोड्याच्या नालासारखं टेबल होतं. आमदार तिन्ही बाजूंनी, उघड्या बाजूला साक्षीदाराची एकच खुर्ची, आणि तिच्या मागे सोबतच्या अधिकाऱ्यांची रांग. विनोदिनी खुर्चीत बसली. जयरामला मागून तिची मान आणि खांदे तेवढे दिसत होते.

पहिला तासभर ती नीट उत्तरं देत होती. मग एका आमदाराने विचारलं, दुसऱ्या पंपाची गरज आहे हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं का? ती म्हणाली की कळलं होतं, आणि आपण तीन पत्रं लिहिली होती. आमदाराने अहवाल चाळला आणि तो तिच्याकडे पाठवला. यात तर एकही पत्र नाही, तो म्हणाला.

विनोदिनीने पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि ती थांबली. आता ही मागे वळणार, असं जयरामला वाटलं. त्याने चेहऱ्यावर आश्चर्य तयार ठेवलं होतं. पण ती वळली नाही.

"अहवालावर सही माझी आहे," ती म्हणाली. "पत्रं त्यात नाहीत, तर त्याला मी जबाबदार."

"सही करण्यापूर्वी तुम्ही हा वाचला होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. लोकांची शेतं करपली आणि मंडळाच्या प्रमुखांनी समितीला पाठवलेला अहवाल वाचलेला नाही, एवढंच ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण खोलीतला प्रत्येकजण वरमला.

जयराम कित्येक आठवडे याच क्षणाची वाट बघत होता. त्याला गोड वाटलं, पण ते फार टिकलं नाही. टेबलाभोवतीचे सगळे विनोदिनीकडे बघत होते. चूक झाली तर ती तिचीच, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. तिच्या मागे कोणी माणूस बसला आहे, त्याच्या हातून काही होऊ शकतं, बरं किंवा वाईट, हे कोणाच्या ध्यानीही नव्हतं. त्याने एवढ्या जळफळाटाने केलेली गोष्टसुद्धा तिच्याच नावावर जमा झाली होती. हे त्याला सोसेना.

तो उभा राहिला. "पत्रं मी काढली."

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं. तो सव्वा तास त्यांच्या समोर बसला होता.

"जयराम गावकर. उपमुख्य अभियंता."

"का काढली?"

नजरचुकीने, असं म्हणता आलं असतं.

"त्या खुर्चीत मी असायला हवा होतो, असं मला वाटतं," तो म्हणाला. "आजही वाटतं."

लिहून घेणारी बाई क्षणभर थांबली आणि मग तिने तेही लिहिलं. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं आणि पुन्हा विनोदिनीकडे वळून पुढचा प्रश्न विचारला.

परतीला दोघं एकाच गाडीत होती. विनोदिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "फाईल तुमची म्हणून मी वाचली नाही. दुसऱ्या कोणाची असती तर वाचली असती."

जयरामने माफी मागायला तोंड उघडलं.

"आज नको, जयरामबाब. आज मी काय बोलेन ते माझं मलाच ठाऊक नाही."

पावसाळी अधिवेशनात समितीचा अहवाल सभागृहात ठेवला गेला. न वाचता सही केली म्हणून प्रमुखांना समज दिली होती, प्रत्येक खड्ड्यावर दुसरा पंप बसवायला सांगितलं होतं, आणि जयरामची चौकशी करावी असं सुचवलं होतं. जयरामने अहवाल घरी आणून दोनदा वाचला. विनोदिनीचा उल्लेख त्यात तेवीस वेळा होता, त्याचा दोनदा. ज्योतीने त्याला बोट फिरवून मोजताना बघितलं.

"तुम्हाला तिची खुर्ची हवी होती की तिचं नाव?" तिने विचारलं.

चौकशीनंतर त्याची बदली पेडण्याच्या दोन खोल्यांच्या उपकार्यालयात झाली. तिकडे मंडळाकडे सोपवलेले चार बंधारे होते. रोज दोन बस बदलून तो जायचा. गावातले लोक त्याला आपुलकीने विचारायचे, आमच्या विनोदिनीच्या ऑफिसातले ना तुम्ही? तो मान हलवायचा.

नोव्हेंबरात कमलाक्षी नावाची शेतकरीण आली. बंधाऱ्याची एक फळी निसटून पाणी वाया जात होतं. ती म्हणाली की मोठ्या बाईंना कळवा, ती इथलीच आहे, ती बघेल.

"बंधारा माझ्याकडे आहे," जयराम म्हणाला. "मला सांगा."

तो तिच्याबरोबर गेला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि माणसं लावून दुपारपर्यंत फळी बसवून घेतली. त्या आठवड्यात गावात बोललं जात होतं की विनोदिनीने लगेच माणूस पाठवला. जयरामने ते बसस्टॉपवर ऐकलं. आत तीच जुनी कळ उठली, पहिल्याएवढीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाकीचे तीन बंधारे बघायला गेला.