तिसरा ठोका

मी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा बोलतोय. पावडर कधीच संपली, अंगावरचं गाईचं चित्रही घासून गेलं. क्रिसान्तोने मला तारेचा दांडा बसवला आणि ताल नावाच्या सरोवरावरच्या आपल्या माशांच्या पिंजऱ्यावर नेलं. वर बांबूचा तराफा, खाली जाळं आणि जाळ्यात हजारो तिलापिया मासे.

सकाळ-संध्याकाळ तो मला बांबूवर तीनदा ठोकायचा. तिसऱ्या ठोक्याला मासे तोंडं वर काढून हजर व्हायचे. मग माझ्यातून खाद्य पडायचं. होडीत बसलेली त्याची बायको फेलिसिदाद टोमणा मारायची, "माझ्या हाकेला तू कधी इतक्या लवकर आला नाहीस." तो नुसता हसायचा.

त्या साली मासे खास होते. फेब्रुवारीत थोरल्या लेकीचं, मारिसेलचं लग्न होतं. गावाला घरचेच मासे भाजून वाढणार, असं त्याने व्याह्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. येईल त्याला तो पिंजरा दाखवायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी सरोवराच्या मधल्या डोंगराने आग ओकायला सुरुवात केली. राख पडू लागली. गाव सोडायचा हुकूम आला. फेलिसिदाद सामान जीपमध्ये भरत होती आणि हा शहाणा होडी घेऊन पिंजऱ्यावर आला.

"किती दिवस उपाशी राहतील कोण जाणे," असं पुटपुटत त्याने खाद्याचं अख्खं पोतं माझ्याने उपसून पाण्यात ओतलं. मासे वर आले, पण खाद्याला तोंड लावेनात. माझा काठ पाण्याला लागला तेव्हा पाणी कोमट होतं. मला ते कळलं, पण डब्याला बोलता थोडंच येतं?

"घाबरलेत बिचारे," तो म्हणाला. "मागाहून खातील."

अकरा दिवसांनी गावकऱ्यांना चार तासांसाठी आत सोडलं. क्रिसान्तो धावतच होडीत बसला, मागोमाग फेलिसिदाद. त्याने मला ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी हललं नाही. राखेच्या सायीखाली पांढरी पोटं तरंगत होती आणि सडक्या खाद्याचा वास येत होता.

शेजारच्या पिंजऱ्यावर तेओदोरो होता. त्याचे थोडे मासे जिवंत होते. तो ओशाळून म्हणाला, "मी काही न टाकताच पळालो रे. पाणी बिघडलं की उपाशी मासाच तगतो म्हणतात. उरलेलं अन्न कुजून पाण्यातली हवा खातं."

क्रिसान्तोने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मीच मारले."

फेलिसिदादने त्याच्या पाठीवरची राख झटकली. "कुणाला उपाशी ठेवणं तुला कधी जमलंच नाही," ती म्हणाली आणि रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं. ते पोतं माझ्याच तोंडून रितं झालं होतं.

गाव सोडलेल्यांची छावणी होती त्या शाळेतच लग्न झालं. पंगतीत मदतीतून आलेले डबाबंद मासे होते, माझ्याच जातीच्या डब्यांतले. क्रिसान्तो त्यांना शिवलासुद्धा नाही.

आता आम्ही सरोवरापासून लांब, दुसऱ्याच एका डोंगराच्या उतारावर राहतो. फेलिसिदादने कोंबड्या पाळल्यात, माझ्यात दाणे असतात. काल तिला बरं नव्हतं म्हणून क्रिसान्तोने मला उचललं आणि सवयीने दाराच्या खांबावर तीनदा ठोकलं. कोंबड्या धावत आल्या. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पायाशी बघत होता, कोरड्या जमिनीकडे. मग मला उंबऱ्यावर ठेवून तो आत गेला.

फेलिसिदाद, तू आपली मुठीने दाणे टाकत जा. मला मागच्या खिळ्याला अडकव, गंजू दे. मी वाजलो की तो अजून त्या माशांची वाट बघतो.