सत्तावीस नंबरची पाटी

त्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव आहे. आधी 'संशोधन' असा शब्द आणि पुढे मी. ते घालावं का, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी "कशाला उगाच" म्हणालो, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू जाऊ नये.

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर शहराच्या वारसा समितीने बोलावलं. कोण थोर माणूस कोणत्या घरात राहिला याची खात्री करायची आणि त्या घरावर संगमरवरी पाटी लावायची, हे समितीचं काम. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, बाकीचे सगळे हौशी. खात्री करणारा मी एकटाच. लोक रोज यायचे. आमच्या माडीवर अमुक सेनापती मुक्कामाला होते, आमच्या ओसरीवर तमुक कवी बसायचे. त्या सेनापतीने लोक सांगतात तितक्या माड्यांवर मुक्काम केला असता, तर बिचाऱ्याला लढाईला वेळच मिळाला नसता. मी चष्मा कपाळावर चढवून विचारायचो, "कागद आहे का?" समोरचा गप्प व्हायचा. खोटं कशाला बोलू, त्या गप्प होण्याची मला चटक लागली होती.

डॉक्टरीणबाई म्हणजे या शहरातली पहिली स्त्री डॉक्टर. सव्वाशे वर्षांपूर्वी साथ आली, गावातले वैद्य-डॉक्टर दारं लावून बसले किंवा पळाले, तेव्हा या बाईने स्वतःच्या घरात रोगी घेतले आणि शेवटी त्याच साथीत गेली. वय एकतीस. तिच्या नावाची शाळा आहे, बाग आहे. ती आमच्या जुन्या गल्लीत राहायची एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण घर कोणतं, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

फक्त माझी आत्या सोडून.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय ब्याऐंशी, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला खिडकी उघडावी. ती राहायची ते घर तिच्या आईच्या आईचं, वारशाने आलेलं. नंबर चाळीस. मी शाळेत जायला लागलो त्याच्याही आधीपासून तिच्या तोंडून ऐकत होतो: वरच्या दोन खोल्यांत डॉक्टरीणबाई भाड्याने राहायच्या. आत्याची आजी तेव्हा नऊ वर्षांची. बाईंना पाणी नेऊन द्यायचं काम तिच्याकडे. रोगी जिन्यावर बसायचे, एका पायरीवर एक. सगळ्यात आजारी तो सगळ्यात वरच्या पायरीवर, बरा होत आला की एकेक पायरी खाली. खालच्या पायरीवरचा माणूस उठून चालत घरी गेला की आजी टाळ्या वाजवायची.

"जिना बघ ना छोट्या, मधोमध कसा झिजलाय," आत्या म्हणायची. पासष्टाव्या वर्षीही मी तिच्यासाठी छोट्याच.

"आत्या, जिने सगळ्याच घरांत मधोमध झिजतात. कडेने कोण चालतं?"

"माझी आजी खोटं बोलायची होय रे?"

"खोटं नाही गं. पण ऐकीव गोष्टींवर पाट्या लागत नाहीत. कागद आहे का?"

माझ्या सख्ख्या आत्यालाही मी हेच विचारलं. उलट तिला जरा जास्तच ठासून विचारलं, म्हणजे समितीत कुणी 'नातेवाइकाचं घर पुढे केलं' असं म्हणायला नको.

कागद मला मिळाला. सरकारी दफ्तरखान्यात त्या काळच्या शिरगणतीची वही होती. गल्लीचं नाव, घराचा नंबर, आत कोण राहतं, वय काय, काम काय. तिथली धूळ मला सहन होत नाही, म्हणून मी दफ्तरखान्यातल्या बाईंना आधीच फोन करून सांगितलं होतं: आमच्या गल्लीचं पान शोधा, खूण घालून ठेवा. गेलो, वही उघडली, पाच मिनिटांत ओळ सापडली. घर क्रमांक सत्तावीस. स्त्री, वय एकोणतीस, व्यवसाय वैद्यकी.

मी तिथल्या तिथे उभा राहिलो. बाईंना म्हणालो, "याला म्हणतात पुरावा."

सत्तावीस नंबरच्या घरात आता चष्म्यांचं दुकान आहे. गल्लीच्या समोरच्या ओळीत, आत्याच्या घरापासून चौकाच्या दिशेने सहा घरं. त्यावर पाटी लागली. महापौर आले, भाषणं झाली. आत्याही आली होती, चांगली साडी नेसून, पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवल्या. घरी जाताना एवढंच म्हणाली, "अक्षर छान काढलंय हो."

पुढच्याच वर्षी गल्ली रुंद करायचं निघालं. दोन्ही बाजू पाडायला परवानगी नव्हती, एकच बाजू मागे सरणार होती. कोणती, हे ठरवायला फार विचार करावा लागला नाही. एका बाजूला डॉक्टरीणबाईंचं घर होतं, पाटी लावलेलं, वारसा यादीत नोंदलेलं. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. म्हणजे, नोंदलेलं काही नव्हतं. आत्याची ओळ गेली.

तिने आकांडतांडव केलं नाही. मला वाटलं होतं गल्ली डोक्यावर घेईल. माझ्या घरी येऊन शांतपणे विचारलं, "छोट्या, काही करता येईल का?" मी म्हणालो, "आत्या, कागद त्यांच्या बाजूने आहे." त्यांच्या म्हणजे कुणाच्या, कोण जाणे. तो कागद मीच शोधला होता.

घरं रिकामी करायची तारीख लागली, बुधवारची. त्याच्या आदल्या आठवड्याच्या मंगळवारी मी पुन्हा दफ्तरखान्यात गेलो. समितीला डॉक्टरीणबाईंवर पुस्तिका काढायची होती आणि मुखपृष्ठावर त्या वहीचा फोटो हवा होता. दफ्तरखान्यातल्या बाईंनी या वेळी खूण घातली नव्हती. वही माझ्यासमोर ठेवली आणि मी ती पहिल्या पानापासून उघडली.

पहिल्या पानावर कुणा कारकुनाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'घरे नदीकडून मोजली आहेत. चालताना डाव्या हातास विषम क्रमांक, उजव्या हातास सम.'

आता नंबर चौकाकडून लागतात. लहानपणापासून चौकाकडूनच. मधे कधीतरी उलटे केले असणार. नदीकडून निघालं की जी बाजू डावी, ती चौकाकडून उजवी होते. मी खिशातून कागद काढला आणि मोजलं. एकेका बाजूला तेहतीस घरं. नदीकडून डावीकडचं चौदावं घर, म्हणजे तेव्हाचं सत्तावीस. तेच घर चौकाकडून विसावं, उजवीकडे. आताचा नंबर चाळीस.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आत्याच्याच दारात येऊन थांबलो.

चौतीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडलो होतो की कुठलंही जुनं दप्तर हातात घेतलं की पहिलं पान आधी वाचा. ती पोरं आता चाळीस-पन्नाशीची झाली, कुठे भेटली तर नक्कल करून दाखवतात. आणि मी खूण घातलेल्या पानावर थेट उडी मारली होती, धुळीने शिंका येतात म्हणून.

गुरुवारी समितीची बैठक होती. तिथे सांगायचं, असं मी ठरवून गेलो होतो. पायजम्याच्या खिशात तो आकडेमोडीचा कागदही होता. अध्यक्षांनी बैठकीची सुरुवातच माझ्यापासून केली. म्हणाले, "सरांच्या एका शोधामुळे आपण निदान एक बाजू तरी वाचवली. नाहीतर हे लोक डॉक्टरीणबाईंच्या घरावर जेसीबी घालायला कमी करत नव्हते." सगळ्यांनी टेबलं वाजवली. चहा आला. मी चहा प्यायलो.

मग शुक्रवारी स्वतःला सांगितलं की सोमवारी थेट महापालिकेच्या अभियंत्याला भेटू. सोमवारी सांगितलं की आता आदेश निघालेत, फाइल मागे फिरत नसते, म्हातारीला उगाच आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, त्यापेक्षा नको. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की किती हुशार होतो! मंगळवारी मी आत्याकडे जाऊन तिची भांडी खोक्यांत भरू लागलो. वर्तमानपत्रात एकेक कप गुंडाळला. तिने माझ्या बायकोला सांगितलं, "बघ, रक्ताचं माणूस ते रक्ताचं माणूस."

बुधवारी दुपारी मी लांबून पाहिलं. पुढची भिंत गेली, आणि जिना तेवढा थोडा वेळ उभा होता, वर काही नसलेला. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. तिथून निघून आलो.

काही महिन्यांनी अध्यक्षांकडे दाढ काढायला गेलो होतो. माझ्या तोंडात हत्यार असताना ते सहज म्हणाले, की त्या अभियंत्याला कुठलीही बाजू चालली असती. शेवटच्या दिवसापर्यंत तो विचारत होता, तुमची समिती काय म्हणते ते सांगा, मी रेघ पलीकडे मारतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "दुखतंय का सर? इंजेक्शन आणखी देऊ?"

आत्या तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत आहे. खोली लहान आहे, पण तिची तक्रार नाही. तिचा आवाज मात्र बसला. पूर्वीची आत्या बोलायला लागली की कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, आता बायको तिला दोनदा विचारते, "काय म्हणालात, आत्या?" पाहुणे आले आणि जुन्या घराचा विषय निघाला की ती घाईघाईने सांगायची, "नाही हो, डॉक्टरीणबाई समोरच्या घरात राहायच्या. आमचा छोट्या त्यातला जाणकार आहे. माझी आजी आपली थापा मारायची." आणि हसायची. जिन्याची गोष्ट तिने सांगणंच सोडलं.

हे मी दीड वर्ष ऐकलं. घर गेलं ते गेलं. पण रोज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीसमोर बसून ती तिच्या आजीला खोटं पाडत होती आणि त्याला साक्षीदार म्हणून माझं नाव घेत होती, हे मला सोसवेना. परवा सकाळी बायको बाजारात गेली तेव्हा मी तिच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून मटार सोलत होती. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. नदीकडून, चौकाकडून, डावं, उजवं. मटारचे दाणे ताटलीत मांडून दाखवलं. एक हिरवा दाणा तिच्या घराचा.

तिने त्या दाण्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता ताटली भिरकावेल. भिरकावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे आजी खरं बोलत होती," ती म्हणाली.

"हो आत्या."

"पाणी तीच नेऊन द्यायची. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर, सगळं खरं."

"सगळं खरं."

ती हसायला लागली. हसता हसता पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. म्हणाली, "अरे, मी तिला थापाडी म्हटलं रे चारचौघांत. फोन आण माझा. नणंदेला आधी सांगते, ती फार चिडवायची मला." आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला होता. मी फोन द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने विचारलं, "आणि तुला कधी कळलं हे?"

अगदी सहज विचारलं. मनात काही नव्हतं तिच्या. मी इतिहासाचा मास्तर. सनावळ्या हेच माझं आयुष्य. मंगळवार, पाडायच्या आधी आठ दिवस, दुपारी सव्वाबारा. मला मिनिटासकट माहीत होतं.

"काल," मी म्हणालो.

तिने माझा हात धरला. मटारचा ओला वास होता त्या हाताला. "काल कळलं आणि आज येऊन सांगितलंस," ती म्हणाली. "दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता बघ. स्वतःची चूक कोण सांगतो? माझ्या भावाचा मुलगा शोभतोस खरा."

मग तिने फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत येऊन समितीला पत्र लिहायला बसलो. आतून ती नणंदेला सांगत होती, भावजयीच्या बहिणीला सांगत होती, जुन्या गल्लीतल्या शेजारणीला सांगत होती. प्रत्येकीला आधी आजीची गोष्ट, आणि मग माझी: कालच कळलं बिचाऱ्याला, रात्रभर झोपला नसेल, सकाळी उठून पहिलं मला सांगितलं. गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पत्रात मी लिहिलं, 'सदर चूक काल माझ्या निदर्शनास आली.' आता मला दुसरं काही लिहिता येणार नव्हतं.