गोमुखीतला हात

मी एक गोमुखी. लाल बनातीची पिशवी, गाईच्या तोंडाच्या आकाराची. माझ्यात हात घालून जप केला की माळ कुणाच्या नजरेला पडत नाही. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम आहे. स्वभावानं मी संशयी, त्याला इलाज नाही. लोकांना मिटलेले डोळे दिसतात, मला बोटं कळतात.

मला शिवलं ते उर्मिलाच्या सासूबाईंनी. त्यांच्या बोटांत माळ असायची आणि कान शेजारच्या भांडणाकडे. भांडण रंगलं की माळ जागच्या जागी थांबायची. त्या गेल्यावर मी देवघराच्या खणात पडून राहिले. उर्मिलाला माझी गरजच नव्हती. भाजी निवडताना, केर काढताना तिच्या तोंडी नाम असायचं आणि त्याचं तिला काही अप्रूपही नव्हतं.

तिचे यजमान कमलाकांतराव कधी देवासमोर बसले नाहीत. नेम एकच, रोज सकाळी आंघोळ करून खाली जिन्यापाशी चाळीच्या फळ्यावर खडूनं एक संतवचन लिहायचं. अक्षर असं की दूधवालाही थबकून वाचायचा. तीस वर्षांत खाडा नाही.

यंदा आषाढात त्यांनी फळा सोडला आणि मला खणातून बाहेर काढलं. उजवा हात दिवसभर माझ्यात. चाळ म्हणाली, कमलाकांतराव शेवटी नामाला लागले. मला पहिल्याच दिवशी शंका आली. एकही मणी पुढे सरकत नव्हता. बोटांची नुसती चुळबुळ चाललेली, मग मूठ गच्च आवळायची, पुन्हा चुळबुळ. ढोंगी आहे हा माणूस, असं मी ठरवूनच टाकलं.

उर्मिलाही त्यांच्याकडे टक लावून बघायची. चहाचा कप डाव्या हातात का, सही करायची टाळतात का, हे तिच्या मनात घोळत होतं. गणपतीच्या आधी मंडळाचे बुधाजी कार्यक्रमांचा फळा लिहून मागायला आले. जपात बोलायचं नसतं. कमलाकांतरावांनी माझ्याकडे बोट दाखवून नुसती मान हलवली. बुधाजी हात जोडून परत गेले.

उर्मिला समोर येऊन बसली आणि तिनं सरळ माझ्यात हात घातला. दुसऱ्याच्या जपात असा हात कुणी घालत नाही. मी संकोचले. तिच्या मुठीत त्यांची बोटं थरथरत होती.

"कधीपासून?"

"होळीपासून." ते खाली बघत म्हणाले, "वाकड्या अक्षरात देवाचं नाव कसं लिहू? आणि सगळ्यांना कळलं असतं."

"देवाला चाललं असतं," उर्मिला म्हणाली. "तुम्हालाच चाललं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं परळच्या इस्पितळात गेली. फार उशीर केलात, असं डॉक्टरांनी सुनावलं. आता औषध सुरू आहे. कंप कमी होईल, पण पुरता जाणार नाही म्हणतात.

मी परत खणात आले आहे आणि मला स्वतःची लाज वाटते. इतके दिवस तो हात माझ्या पोटात होता आणि मी फक्त मणी मोजत बसले. तुम्हाला एवढंच सांगते, गोमुखीत हात घालून बसलेलं माणूस दिसलं तर नमस्कार करून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि आधी विचारा, हात बरा आहे ना.