पेल्यांची उतरंड

त्र्याण्णवच्या भूकंपात माझे यजमान गेले. अनंत चतुर्दशीला औशाकडच्या गावी गेले होते, ते ढिगाऱ्याखालीच राहिले. तेव्हापासून लातूरच्या घरात मी एकटी. पलंगाशेजारी स्टुलावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचते, वर तांब्या पालथा. जमीन हलली की तो खणखणत पडावा आणि मला जाग यावी. भूकंपानंतर गल्लीत सगळेच असं रचायचे. बाकीच्यांनी सोडलं, मी नाही. लोक हसतात, हसोत बापडे.

वरची खोली क्लासच्या पोरींना देते. गेल्या वर्षी देगलूरची कहकशां आली, डॉक्टर व्हायला. पहिल्याच संध्याकाळी तांब्या धाडकन खाली. मी जिना चढून पोरीला दंडाला धरून अंगणात ओढलं आणि भूकंप भूकंप म्हणून बोंब ठोकली. अख्खी गल्ली बाहेर! निघालं काय, तर बाईसाहेब पाठांतर करत खोलीत येरझारा घालत होत्या.

"चालायलीस का मुसळानं कांडायलीस गं?"

"चुकलं मावशी. हळू चालते आता."

तांब्या पडायचा थांबला, पण दिवेलागणीला तिची पावलं सुरू झाली की पेले किणकिणायचेच. ते वाजले की मी चहा टाकायची आणि कप घेऊन वर जायची. एकदा बघते तर हातात भलतंच पुस्तक, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचं.

"परीक्षेला हाय का हे?"

"न्हाई मावशी, असंच. लई आवडतं."

"इतक्या लांबचे ग्रह दिसत्यात व्हय?"

"ग्रह न्हाई दिसत. तो ताऱ्यापुढनं गेला की ताऱ्याचा उजेड इवलासा कमी होतो. पण एकदाच झालं तर मानत न्हाईत. ठरल्या वेळी परत परत व्हाया पाहिजे. मग समजायचं, कुणीतरी फिरायलंय."

"म्हणजे माझे पेलेच की!"

पोरगी खो खो हसली. या घरात कितीतरी वर्षांनी कुणी असं हसलं.

तिला नांदेडला प्रवेश मिळाला. पेढे देऊन, पाया पडून गेली. आनंद झाला, पण दुसरी पोरगी ठेवावीशी वाटेना.

परवा दिवेलागणीला पेले किणकिणले. मी चहा टाकला, कप घेऊन जिना चढले. दाराला कुलूप, मीच लावलेलं. खाली रस्त्यावरून रोडरोलर चालला होता.

एकदाच झालं तर मानत नाहीत. म्हणून काल त्याच वेळी पेल्यांसमोर बसले. आजही बसले. इतकी वर्षं झोपताना देवाला म्हणत आले, हे पेले वाजू देऊ नकोस. आज हात जोडून म्हणाले, वाजू दे.